बाहेरचं ज्ञान आणि दादाचा चष्मा

३ जानेवारी
संकल्प: यंदा कारखान्यात बाहेरचं ज्ञान आणायचं. वीस वर्षं त्याच घडीच्या खुर्च्या करतोय. कन्सल्टंट ठरवला. टाय लावतो.

९ जानेवारी
कन्सल्टंटनं विचारलं, ग्राहकांचं ऐकता का? म्हटलं, त्याला दादा आहे. आमचा थोरला दिवसभर दुरुस्तीच्या टेबलाशी तक्रारी ऐकत बसतो. खुर्ची मिटताना बोटं चिमटतात, एकच रड. दादा म्हणतो, दोन पाइपांमध्ये लाकडी मणी घाल, बोटाला जागा राहील. सातवी पास माणूस. शिवाय घरातला. घरातलं ते बाहेरचं ज्ञान कसं होईल?

२१ जानेवारी
दुरुस्तीचं टेबल काढून कन्सल्टंटला केबिन केली. दादाला पॅकिंगला बसवलं. चष्मा पुसत उठला. म्हणजे पटलं असणार. बायको म्हणाली, काखेत कळसा नि गावाला वळसा. तिला मॅनेजमेंट कळत नाही.

२ मार्च
रिपोर्ट आला. चाळीस पानं. सार: खुर्च्या जांभळ्या करा. केल्या.

१० मार्च
दादा समोरच्या स्टूलवाल्याकडे कामाला लागला. आठ दिवसांत परत येईल. चष्मा इथेच विसरलाय. निरोप आला तरी पाठवायचा नाही. चष्म्यासाठी तरी येईलच.

१८ मार्च
आठ दिवस झाले. रविवार धरायचा नसतो. उद्यापर्यंत मुदत आहे.

५ जून
जांभळ्या खुर्च्या परत आल्या. एक बाई बोट दाखवायला आल्या. तेही जांभळं. त्यांना कुठे बसवायचं कळेना. टेबल नाही. कन्सल्टंटही नाही, त्याचं काम संपलं.
हल्ली दुपारी एकट्यानं डबा जात नाही. ॲसिडिटी असावी.

१७ ऑगस्ट
छोट्या उद्योजकांचा सेमिनार. विषय: बाहेरचं ज्ञान. प्रमुख वक्ता: दादा! स्टूलवाल्यानं कोट शिवून दिलाय. मणी घातलेलं घडीचं स्टूल उघडून-मिटून दाखवलं. सगळे लिहून घेत होते. मीही घेतलं.
कुणीतरी विचारलं, हे शिकलात कुठे? दादा म्हणाला, धाकट्याच्या कारखान्यात. तो हुशार आहे, त्याला माझी गरज पडली नाही.
टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.
मी त्याचा चष्मा खिशात घालून नेला होता. तो उतरून सरळ माझ्याकडे आला. डोळ्यांवर नवा चष्मा. विचारलं, जेवलास का? म्हटलं, हो, सगळं झकास चाललंय. जेवलो नव्हतो.
घरी येऊन जुना चष्मा घालून पाहिला. सगळं अंधुक. नंबर फार आहे त्याचा.
काढला. तरी अंधुकच.