गुंजनची दाढ

गोंदिया, २२ जानेवारी २०२६

ती. भूमेश्वरीताईस ओमेश्वरीचा सा. न. वि. वि.

फोन तीनदा कटला आणि चौथ्यांदा भाऊजींनी उचलून ठेवून दिला, म्हणून लिहिते. तुझ्या गुंजनची दाढ किडली असेल, पण घाई करू नका. मी काम करते त्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई पहिल्या दिवशी लेकरांचे दात नुसते मोजतात. खुर्ची वरखाली करून दाखवतात, आरसा हातात देतात. हात वर केला की थांबायचं, असं ठरवतात आणि खरोखर थांबतात. तिला आधी सगळं खरं सांग. दुखणारच नाही असं म्हणू नकोस. जेवत नाही म्हणून सुईचं भेवही दाखवू नकोस. तू सातवीत असताना दात काढायच्या धाकानं धानाच्या कोठीत लपली होतीस, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. मंगळवारी घेऊन ये.

लोभ आहेच, तो भेटीत दाखव.

तुझी ओमा

चिचगड, ४ फेब्रुवारी

चि. ओमास अनेक आशीर्वाद.

मंगळवारी आलो नाही. दात मोजायले गोंदियाले कायले जायचं, देवरीत पाच मिनिटांत दाढ निघते, असं तुझे भाऊजी म्हणाले. मी तयारीले लागली. गुंजन घरून निघेना, तेव्हा कचारगडच्या जत्रेले जाऊन राहिलो, असं मीच तिले सांगितलं. तिनं नवा फ्रॉक घातला. देवरीले उतरलो तरी ती जत्रेची गाडी कुठं लागते तेच विचारत होती. दवाखान्यात ह्यांनी हात धरले, मी पाय धरले. तिनं डॉक्टरचं बोट चावलं. दाढ निघाली.

तेव्हापासून माझ्यासंग बोलत नाही. आता दुसऱ्या बाजूचा गाल सुजून राहिला, हात लावू देत नाही. तुझ्यावर ती रागावलेली नाही.

तू रागावली असशील तरी ये.

भूमेश्वरी

गोंदिया, २० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

मी येऊन गुंजनला इथं आणलं तेव्हा तिच्या अंगात ताप होता, हिरडीत पू झाला होता. ही दाढ तुम्ही देवरीला नेलं त्याच्या आधीपासून दुखत होती, असं तिनं मला सांगितलं. तुम्ही पुन्हा न्याल म्हणून लपवलं. खुर्ची पाहून तिला उलटी झाली. डॉक्टरबाईंनी त्या दिवशी फक्त औषध दिलं. सूज उतरल्यावर चार दिवस ती दवाखान्याच्या दाराशी नुसती बसून राहिली. पाचव्या दिवशी खुर्चीत बसली आणि दुखेल काय म्हणून मला विचारलं. सुई टोचताना दुखेल, असं मी सांगितलं. तिनं तोंड उघडलं. दोनदा हात वर केला, दोनदा बाई थांबल्या. दाढ निघाली. रडली, पण तिला कोणी धरलं नव्हतं.

ताई, एवढंच करायचं होतं. भाऊजींवर ढकलून तू सुटणार नाहीस. जत्रेचं तू सांगितलंस.

पुढच्या शनिवारी आई न्यायला येईल, असं मी तिला म्हटलं. खरंच येणार की तू उगाच सांगून राहिली, असं तिनं विचारलं. म्हणून चुकवू नकोस.

ओमेश्वरी

चिचगड, २ मार्च

चि. ओमास अ. आ.

घरी पोचलो. तुझं पत्र मी ह्यांना दाखवलं नाही, त्यात त्यांच्यासाठी काही नव्हतं.

बसमध्ये मी गुंजनची माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं. देवरीचा स्टँड आला तशी तिनं समोरची दांडी दोन्ही हातांनी पकडली. इथं उतरायचं नाही, आपण घरी जाऊन राहिलो, असं मी तिले दोनदा सांगितलं. बस पंधरा मिनिटं थांबली, तिची बोटं पांढरी पडली. गाडी सुटल्यावर ती उठली, कंडक्टरजवळ गेली आणि ही बस कुठं जाते ते त्याले विचारलं. त्यानं चिचगड म्हटलं, तेव्हा कुठं येऊन बसली.

तुझा लोभ तिच्यावर असू दे.

भूमेश्वरी