नदीवरचा शनिवार

प्रिय इत्सेल,

तुझा फोनवरचा आवाजी निरोप पोचला. तू कुजबुजत बोललीस, म्हणजे बाथरूमचं दार लावून, नळ सोडून बोललीस. त्या घरात तुझ्याआधी कितीतरी वर्षं मी तेच केलंय. तू जे सुचवलंयस त्याचं उत्तर मी देणार आहे, पण लगेच नाही. फोनवर दिलं असतं तर तू रडायला लागली असतीस आणि मी तुझ्या मनासारखं बोलून मोकळी झाले असते. म्हणून लिहायला बसले. आधी सगळं सांगते, मग उत्तर.

इथलं बरं चाललंय. समुद्र जवळ आहे पण दिसत नाही, दुपारपर्यंत धुकं असतं. आपल्या खोऱ्यातल्या उन्हात वाढलेली मी, इथे स्वेटरवर स्वेटर घालून फिरते. वर्गातली बहुतेक मुलं पहिल्या वर्षापासून या विद्यापीठातलीच, वीस-एकवीसची. मी चोवीसची घोडी, एकदम तिसऱ्या वर्षात येऊन बसले. पहिल्याच आठवड्यात एकीने विचारलं, आधी कुठे होतीस? मी आपल्या कम्युनिटी कॉलेजचं नाव सांगितलं. तर म्हणते कशी, "अच्छा, तिथून उचललं होय तुला!" मी म्हटलं, "उचललं कोणी नाही. माझ्या पायांनी आले." तेव्हापासून ती माझ्याशी जपून बोलते. बोलू दे.

ते दोन वर्षांचं कॉलेज मी चार वर्षं केलं, हे आपल्या घरात अजून हसण्यावारी नेतात. दिवसा संत्र्यांच्या पॅकिंगमध्ये सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहायचं, संध्याकाळी वर्ग. एका वेळी दोन विषय, फार तर तीन. दादाने, म्हणजे तुझ्या बाबांनी, मी भूगोल घेतला हे कळल्यावर सगळ्यांसमोर विचारलं होतं, "जग कुठे आहे ते आम्हाला ठाऊक आहे. पेट्रोलपंपावरून डावीकडे. तुला आणखी काय शिकायचंय?" सगळे पोट धरून हसले. मीही हसले, कारण विनोद चांगला होता. तुझी आजी तेवढी हसली नाही. तिचं एकच पालुपद, नर्सिंग कर पोरी, इथेच राहा, माझ्या गुडघ्यांकडे तरी बघशील.

खरं सांगायचं तर तोवर मलाही भूगोल म्हणजे राजधान्या पाठ करणं वाटायचं. मग त्या वसंतात तळं परत आलं. तुला आठवत असेल, तेव्हा तू मधल्या शाळेत होतीस आणि शाळा बंद पडली म्हणून खुश होतीस. आपल्या पणजोबांच्याही आधी आटवून ज्यावर कापूस आणि टोमॅटो लावले, ते तळं एका हिवाळ्याच्या पावसाने पुन्हा भरलं. दादा आणि गल्लीतले पुरुष वाळूच्या गोण्या रचत राहिले आणि पाणी सगळ्यांत आधी आपल्याच गल्लीत शिरलं. आई म्हणाली, देवाची मर्जी. त्याच आठवड्यात आमच्या हाल्वर्सन बाईंनी वर्गात तळ्याचा जुना नकाशा लावला आणि त्यावर आजच्या वस्तीचा पारदर्शक कागद ठेवला. आपली अख्खी गल्ली तळ्याच्या पोटात होती. शेतमालकांची घरं, त्यांची गोदामं, सगळी काठाबाहेर, उंचावर. देवाची मर्जी इतकी नेमकी कशी असेल? कोणीतरी ती जमीन स्वस्तात, समजून उमजून, आपल्यासारख्यांना विकली होती. माझं डोकं तापलं, ते अजून निवलेलं नाही. त्या दिवसापासून मी भूगोलाची.

आता ती चूक. आमच्यासारख्यांचीच चूक, ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही त्यांची. निसर्गाचा भूगोल शिकवायचा एक वर्ग असतो आणि त्याचं प्रात्यक्षिक निराळं, निराळ्या नावाने, निराळ्या दिवशी. वर्ग मी झोकात पास झाले. प्रात्यक्षिक त्याच्यातच आलं असेल असं धरून चालले, आणि मला सल्ला देणाऱ्या बाई दर सहा महिन्यांनी बदलत होत्या. विद्यापीठाने जागा दिली तेव्हा अट घातली, की उन्हाळा संपायच्या आत प्रात्यक्षिक पास झालं नाही तर जागा गेली. एवढ्याशा विषयापायी चार वर्षं पाण्यात! उन्हाळ्यात त्याचा एकच वर्ग होता आणि शेवटची परीक्षा नदीवर, शनिवारी. तुझ्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्याचा शनिवार.

तू समजतेस तसं मी सहज ठरवलं नाही. प्रात्यक्षिकही हाल्वर्सन बाईंचंच होतं, मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. भाचीचा सोहळा आहे, तिच्या पहिल्या उंच टाचांच्या सँडलची मानकरीण मी आहे, उशीवर त्या मांडून मलाच आणायच्या आहेत, सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "नोएमी, बाकीचे सगळे शनिवारची सुट्टी मागून घेऊन येतायत. तारीख बदलली तर त्यातले काहीजण बुडतील. तू बुडू नयेस असं मला फार वाटतं." त्यांनी तारीख बदलली नाही, आणि मला त्यांचा राग येत नाही.

मग दादाकडे गेले. तो अंगणात ट्रकखाली शिरला होता, बाहेरही आला नाही. मी म्हटलं, सँडल आणलेल्या आहेत, उशीला लेस मीच शिवलीय, चर्चमधली मिस्सा आणि जेवण चुकेल पण रात्री नाचायला येते. ट्रकखालून आवाज आला, "प्रार्थनेला नसशील तर नाचायलाही येऊ नकोस. एका दगडाचं नाव सांगायला तू पोरीचा दिवस सोडतेस. आम्ही आता तुला पुरत नाही, हे सरळ बोल ना."

इत्सेल, हा माणूस माझ्यासाठी शाळा सोडून टोमॅटोचे ट्रक चालवायला लागला. आमचे वडील गेले तेव्हा मी दुसरीत होते. माझे दात, माझे चष्मे, माझी शाळेची सहल, सगळं त्याने केलं. त्याचं ऋण मला कळतं आणि त्याला माझ्यावर रागावायचा हक्क आहे. पण मला अडवायचा नाही. मी उशी आईच्या हातात दिली आणि शनिवारी पहाटे निघाले.

नदीवर काय केलं ते तुला कोणी सांगितलं नसेल. पाण्याचा वेग मोजायचा होता. त्याला मोठं यंत्र लागत नाही. एक संत्रं पाण्यात सोडायचं, ते धड बुडत नाही की वाऱ्याने उडत नाही, आणि ठरलेलं अंतर जायला त्याला किती वेळ लागतो ते बघायचं. इतकी वर्षं पट्ट्यावरून संत्री निवडणारी मी, गुडघाभर पाण्यात उभी राहून संत्र्यामागे धावतेय. मला हसूच फुटलं. मग चर्चमध्ये आता तू पांढऱ्या-जांभळ्या घोळदार झग्यात आत येत असशील हे आठवलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम. तोंड धुतलं, पुढचं संत्रं सोडलं. डोंगरात फोन लागत नव्हता ते एक बरंच झालं, नाहीतर माझा धीर सुटला असता.

हॉलमध्ये काय झालं ते मला आईकडून कळलं. दुसरं कोणी उशी धरायला पुढे होताच दादाने नको म्हटलं. एक खुर्ची मधोमध ठेवली, तिच्यावर उशी, तिच्यावर सँडल, आणि जो येईल तो विचारेल ही कोणाची खुर्ची, अशी सोय केली. शेवटी स्वतःच त्या उचलून गुडघ्यावर बसून तुझ्या पायांत घातल्या. तुझ्या सोहळ्यात माझी शोभा करायला नको होती. तो तुझा दिवस होता, त्याच्या रागाचा नव्हे. त्या दिवसापासून त्याने मला घराचं दार बंद केलंय, तरी हे मी त्याच्या तोंडावरही सांगेन. आणि तू त्या टाचांवर पडशील म्हणून आई घाबरली होती, पण तू नाचलीस, आणि झकास नाचलीस, हेही कळलं.

आता तुझ्या निरोपाचं. तू दादाला सांगितलंस, त्या दिवशी आत्याला नदीवर ऊन लागलं, ती चक्कर येऊन पडली, तिला सलाइन लावलं होतं, आणि घोर नको म्हणून तिने कोणाला कळू दिलं नाही. आजीने मेणबत्ती लावली, आणि दादा म्हणाला, मग तसं सांगायचं ना वेडीने. रविवारी तो फोन करणार. मी फक्त हो म्हणायचं, की नाताळाच्या तमालेस करायला मी पुन्हा त्या टेबलाशी. पोरी, किती छान रचलंस ग. मलाही यायचंय. आईच्या शेजारी उभं राहून मक्याच्या पानांवर पीठ थापायला माझे हात शिवशिवतात, रात्री उशीत तोंड खुपसून रडते मी त्या घरासाठी. पण आपल्या घरात बाईमाणूस आजारी असली तर माफी, शिकत असली तर नाही, हा नियम मी पाळणार नाही. मी ठणठणीत होते. परीक्षेला होते, पास झाले आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाईन. रविवारी मी दादाला हेच सांगणार आहे, दार उघडायचं की लावायचं ते त्याने बघावं. त्याआधी हे पत्र तूच त्याच्या हातात दे. ओरडेल, माझ्या नावाने खुशाल बोटं मोड. पण दे. उद्या तुलाही कुठेतरी जावंसं वाटेल, आणि त्या दिवशी तुला आजारी पडावं लागू नये.

तुझीच,
नोएमी आत्या