रिकाम्या हौद्याचं वजन

३ ऑक्टोबर

कुरोताकी गावात येऊन आज दोन दिवस झाले. ओसाकाच्या बस डेपोत बत्तीस वर्षं गाड्यांखाली आडवी पडून काढली, आता जरा पाठ सरळ करावी म्हणते. घर लहानसंच. मागे चहाची झुडपं, पुढे दरी आणि दरीत धरणाचं हिरवंगार पाणी.

हे घर तोकुजीने शोधून दिलं. डेपोत बावीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी काम केलं. मी मागायच्या आधी पाना हातात ठेवणारा माणूस. माझा नवरा गेला तेव्हा कचेरीतून नुसती फुलं आली. तोकुजी स्वतः आला आणि स्वयंपाकघरातला गळका नळ बदलून गेला. गेल्या वर्षी निवृत्त होऊन तो या आपल्या गावी परतला आणि तेव्हापासून माझ्या मागे लागला होता, तूही ये म्हणून. आज त्याच्या बायकोने गरमागरम सोबा शेवया वाढल्या. त्यांच्या मुलीला मार्चमध्ये बाळ होणार आहे. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले आणि पोटभर हसले.

५ ऑक्टोबर

आज जे घडलं ते कधी एकदा लिहिते असं झालंय!

छपराची कौलं बसवायला शिडी हवी होती. तोकुजी म्हणाला, चहाच्या जुन्या कोठारात असेल, जाऊन घे. ताडपत्री बाजूला सारली, तर शिडी नाहीच. तीनचाकी ट्रक! धरणं बांधत होते त्या काळातला, मोटरसायकलसारखं हँडल असलेला, पुढे एकच दिवा. अख्ख्या देशात असे चार-पाच उरले असतील तर असतील. शिकाऊ असताना मी याचं फक्त चित्र पाहिलं होतं.

तोकुजी म्हणाला, एक म्हातारा वारला, त्याचा आहे, वारस कोणी नाही, भंगार आहे, नाद सोड. तो जितकं नको म्हणाला तितकी मी हट्टाला पेटले. शेवटी तो हसून म्हणाला, "बावीस वर्षांत तुझ्यापुढे माझं कधी चाललंय, फुसाए?" सौदा तोकुजीशीच, साके दारूच्या एका बाटलीवर झाला. एकच अट. ट्रकच्या मागच्या हौद्याच्या फळीवर मालकाचं नाव मालकाने स्वतःच्या हाताने रंगवायचं. इथली रीत म्हणे. मी झोकात रंगवलं.

९ ऑक्टोबर

चार दिवस कार्ब्युरेटर, प्लग, ब्रेक. सकाळी इंजिन सुरू झालं आणि मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

एक गोष्ट मात्र कळत नाही. मागचे स्प्रिंगचे पाटे दबलेले आहेत, माल भरल्यासारखे. नवे बसवले, तेही दबले. जॅक लावला तर मागची बाजू तसूभरही उचलली जात नाही. हौदा झाडूनपुसून रिकामा आहे.

११ ऑक्टोबर

गावातून पहिली फेरी मारली. लोक दुकानांतून बाहेर आले, कमरेत वाकले. मीही मान लववली. मग लक्षात आलं, माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. सगळे माझ्या मागे बघत होते.

टोफूवाल्या नुई आजीने न विचारता टोफूच्या वड्या पानांवर आणून हौद्यात मांडल्या. अकरा. मी म्हटलं, आजी, मी एकटी जीव, एवढं कोण खाणार? ती पुन्हा दुकानात गेली. घरी पोचेपर्यंत पानं रिकामी होती.

१२ ऑक्टोबर

लाकूड गिरणीतल्या वजनकाट्यावर ट्रक उभा केला. रिकाम्या गाडीचं जेवढं हवं त्यापेक्षा पाचशे चाळीस किलो जास्त. काटा बिघडलाय का विचारलं. गिरणीवाल्याने आकडा पाहिला, मान डोलावली, म्हणाला, "नाही, बरोबर आहे. तेवढंच भरतं."

तेवढंच म्हणजे काय ते सांगेना. तोकुजीकडे गेले. तो घरी नाही म्हणाली बायको. त्याचे बूट दारात होते.

१४ ऑक्टोबर

भर दुपारी, लख्ख उन्हात, हौदा पुसायला चढले. फळ्या ओल्या. ओल्या गवताचा वास. आणि दाटी — बसमध्ये गर्दीत उभं राहिल्यावर अंगाला अंग लागतं तशी. कोणीतरी सरकून मला जागा दिली.

उडी मारून खाली आले. 

१५ ऑक्टोबर

नुई आजीच्या दुकानात जाऊन बसले, सांगितल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. सांगितलं तिने. खालच्या वाडीतल्या अकरा बायका, धरणावर वाळू वाहायच्या. पावसात परतताना वळणावर ट्रक घसरला. ड्रायव्हरने उडी मारली, तो वाचला. बायका हौद्यात होत्या, त्या बुडाल्या. ट्रक नदीतून काढला, पण त्या अजून उतरल्याच नाहीत. पुढे त्यांची वाडी धरणाखाली गेली. त्यांना घरी जायचंय, आजी म्हणाली, आणि मालकानेच न्यायचं असतं.

ड्रायव्हर कोण होता, विचारलं. आजी टोफू कापत राहिली.

घरी येऊन फळीवरचा माझा रंग खरवडला, त्याखालचा जुना थरही. खाली तीन नावं. पहिलं तोकुजीच्या बापाचं — म्हणजे ड्रायव्हर तोच. दुसरं तोकुजीच्या थोरल्या भावाचं. दोघेही पुढे त्याच वळणावर गेले, हे आजीनेच सांगितलं होतं.

तिसरं नाव तोकुजी.

१६ ऑक्टोबर

आज तोकुजीच्या घरी गेले, तो दार उघडून समोर आला. मी ओरडले नाही. फक्त विचारलं, मीच का?

खाली बघत म्हणाला, "तुझ्यामागे रडणारं कोणी नाही, फुसाए. माझ्यानंतर माझी मुलगी... बाळ होणार आहे तिला."

बावीस वर्षं. मला वाटायचं, माझ्यामागे रडणारा हाच एक आहे.

कौलं, शिडी, नको-नको म्हणणं — सगळं ठरवून. नळ दुरुस्त केला तेव्हाही त्याच्या मनात हेच होतं? नसेल. नसावं.

१७ ऑक्टोबर

गाव सोडून बसने निघाले. वळणावर बस बंद पडली. सगळे उतरले. मागून तीनचाकीचा आवाज. चालवायला कोणी नाही. दार उघडं ठेवून माझ्यापाशी थांबली.

बसवाल्याने माझं सामान तिच्यात ठेवलं. 

१८ ऑक्टोबर, सकाळी दहा

ट्रक घेऊन निघाले. खालच्या शहरात भंगारात देणार. तोडून, वितळवून.

१८ ऑक्टोबर

फाट्यावर हँडल वळलं नाही. वाडीच्या जुन्या रस्त्याने खाली — हा रस्ता सरळ पाण्यात जातो. ब्रेक पूर्ण दाबलाय, चाकं जाम आहेत, तरी सरकतोय. बोटभर. बोटभर.

लिहून वही रस्त्यावर फेकणार. ट्रक मला तोकुजीने विकला. तोकुजीने.

मागे बोलतायत. घराजवळ आल्यावर बायका बोलतात तसं — चूल, कपडे, मुलं —

पुढचं चाक पाण्यात. डावी बाजू मोकळी आहे. उडी मारता येईल. ड्रायव्हरने मारली होती. मी मारली तर या पुन्हा —

वरच्या रस्त्यावर तोकुजी. धावत आलाय! हात हलवतोय, ओरडतोय. आला शेवटी. उडी मार म्हणतोय —

नाही.

म्हणतोय, उडी मारू नकोस. बस तिथेच, फुसाए, तुझ्या पाया पडतो, बसून राहा —

पाणी गुडघ्याला. मी