झाकणांचा इतिहास

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाचीचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण आमच्या ऑफिसात दोन टेबलांच्या मधे तेवढी जागा नाही.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींची तब्येत, तुमचं सकाळचं फिरणं, मामींच्या फडताळातल्या डब्यांवरची ती निळी झाकणं, सगळं सुखरूप असेल अशी आशा आहे. झाकणांची चौकशी कशाला, ते ओघाने येईलच.

मी इतिहासाला प्रवेश घेतला त्या दिवशी तुम्ही आमच्या बाहेरच्या खोलीत चहाचा कप खाली ठेवून म्हणाला होतात, "मेलेल्या माणसांच्या चौकश्या करून पोरीचं पोट भरणार आहे का?" पुढे दोन महिने बाबा माझ्याशी फक्त आईमार्फत बोलत होते. (बाबा तुम्हाला विचारल्याशिवाय भिंतीचा रंगही ठरवत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे.) तर कळवायला आनंद होतो की पोट भरतंय, आणि तेही जिवंत माणसांच्या चौकश्या करून. मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीने मला तक्रार विभागात तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. इतिहासात नेमकं काय शिकवतात, असं आमच्या विभागप्रमुख बाईंनी मुलाखतीत विचारलं. मी म्हटलं, हाती आलेल्या कागदावर एकदम विश्वास ठेवायचा नाही, हे शिकवतात. बाई खूश झाल्या. ती खुशी आठवडाभर टिकली.

काम सोपं होतं. आलेलं पत्र वाचायचं, चार छापील उत्तरांपैकी एक पाकिटात घालायचं आणि झाकण फुटलं असेल तर काही न विचारता आमचं नवं निळं झाकण फुकट पाठवायचं. दिवसाला साठ पत्रं. पण मामा, सवय वाईट. मी प्रत्येक पत्राकडे पुरावा म्हणून बघू लागले आणि पहिल्या आठवड्यात मोजून तीन उत्तरं लिहिली. त्यातलं एक चार पानी होतं. एका गृहस्थांनी लिहिलं होतं की बायकोला लग्नाच्या वाढदिवशी दिलेला मिक्सर त्याच दिवशी बंद पडला. सोबतची पावती मात्र वाढदिवसानंतर तीन दिवसांची. तेव्हा वाढदिवशी नेमका कोणता मिक्सर बंद पडला, असं मी नम्रपणे विचारलं. पाकीट बायकोने फोडलं. "दुकानदाराने पोचवायला उशीर केला" असं तिला तोवर सांगण्यात आलं होतं म्हणे. गृहस्थ दुसऱ्या दिवशी स्वतः ऑफिसात आले. मिक्सरबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

"इथे निवाडा करायचा नसतो, उत्तर द्यायचं असतं," एवढंच बाई म्हणाल्या आणि शिक्षा म्हणून मला खालच्या रेकॉर्डच्या खोलीत धाडलं. अकरा वर्षांच्या तक्रारी, खोक्यांत कोंबलेल्या, त्या वर्षवार लावायच्या. आता इतिहासवाल्याला ही शिक्षा म्हणजे मांजराला दुधाच्या पहाऱ्यावर बसवण्यासारखं. मी धुळीने शिंकत शिंकत सगळं वाचून काढलं. झाकणं का तडकतात याचा कारखान्यातले इंजिनिअर तीन वर्षं शोध घेत होते. झाकणावर वजनं ठेवून झाली, ती उंचावरून टाकून झाली. पत्रं मात्र कुणी सलग वाचलीच नव्हती. तडकलेल्या झाकणाच्या जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य होतं: पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे उकळत्या पाण्याने धुतो. पुस्तिका आमचीच. मी ती आणि पत्रांचा गठ्ठा बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी पुस्तिका दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. पुस्तिका बदलली, आणि मी कायम झाले. मामा, त्या दिवशी मला तुमची फार आठवण आली, आणि खोटं कशाला बोलू, ती प्रेमाने आली नव्हती.

मामींना नमस्कार सांगा. गुडघ्याला जपा.

तुमची,
मेलेल्यांतून उठलेली भाची

ता. क. – धाकटीला तत्त्वज्ञान घ्यायचंय. गेल्या आठवड्यात तिने घरी सांगितलं, आणि आता बाबा तिच्याशी आईमार्फत बोलतात. फॉर्म भरायची मुदत शनिवारी संपते. बाबा तुमच्या पत्राची वाट बघतायत. पोरगी रोज फॉर्म काढते, बघते आणि परत वहीत ठेवते. मला ते बघवत नाही. तिच्या बाजूने दोन ओळी लिहा.

ता. क. दुसरा – त्या खोक्यांत झाकण मागणारी सात पत्रं वेगळी सापडली. एक वसतिगृहातल्या अनाथ विद्यार्थ्याचं, एक निवृत्त मुख्याध्यापकांचं, एक विधवा बाईंचं (ते वाचून मला खरंच रडू आलं). बाकीचेही असेच गांजलेले जीव. अक्षर सगळ्यांचं एकच. ते ओळखायला माझी पदवी लागली नाही, कारण सातही जणांनी पत्ता तुमचाच दिलाय. बाईंना अजून काही बोललेले नाही. गठ्ठा माझ्या खणात आहे. पण मामा, अंगात एवढी कला असून तुम्ही बत्तीस वर्षं बँकेत शिक्के मारलेत, याचं मला मनापासून वाईट वाटलं. तुम्हाला कुणीतरी वेळेवर आर्ट्सला घालायला हवं होतं.

ता. क. तिसरा – बाबांना लिहाल ते पत्र कृपया स्वतःच्या नावाने लिहा. निवृत्त मुख्याध्यापकांचं बाबा ऐकणार नाहीत.