डब्यावरची उज्ज्वला

किन्हीराजा
दि. ४ नोव्हेंबर २०२४

ती. वैजयंतीबाईंस,
गोजराचा शि. सा. न. वि. वि.

आमी इकडं बरे हाओत, तुमी बरे असान असं धरून लिहून राह्यली. पाकीट पाहून तुमाले वाटंल, हिच्या फोनले काय झालं. फोनले काई झालं नाई. पण मी फोनवर बोलाले लागली का तुमचे भाऊ बाजेवर डोळे मिटून पडतेत अन् कान इकडं ठेवतेत. तुमचा फोन तं तुमच्या सुनेपाशी राह्यते. म्हणून चौथीपर्यंत शिकली थे आता कामात आणून राह्यली. अक्षर पाहून हासू नका.

सोयाबीन घरात आलं. तूर बरी हाय. हरबरा पेरून झाला. थे सांगाले पत्र नाई लिहिलं.

तुमच्या भावाले पुन्हा थेच याड लागलं. अडकित्ते. तेरा वर्षाखाली मालेगावच्या जुनं सामान घेणाऱ्या मदनसिंगाले इकले होते थे. तुमाले ध्यानात असंल, पोतंभर अडकित्ते, चुन्याच्या डब्या, पानाचे डबे, अन् घरात पान खाणारं एक मानूस नाई. नवीन खोली बांधली तवा म्या दारात उभी राहून सांगतलं होतं का या खोलीत एक तं हे भंगार राहीन नाईतं मी. एक तुकडाबी मांगं राहू देला नाई. यायनं थे सगळं उचललं. पोतं गाडीवर बांधलं अन् गेले.

आता मदनसिंग म्हातारा झाला, म्हणते पसारा कमी करतो, ज्याच्यापासून घेतलं त्याले पयले इचारतो. झालं. दर रयवारी हे मालेगावले. आपुनच इकलेलं आपुनच इकत आणाचं. बरं, मदनसिंगबी तसाच. मागच्या रयवारी आमच्या घरी आला अन् एक अडकित्ता वापस घेऊन गेला. म्हणे, हा देला तवापासून जेवन गोड लागत नाई. दोघं वसरीत असे बसले होते जशा माहेरी आलेल्या बहिनी.

आणलं का हे चिंच लावून घासतेत, मंग राखेनं, मंग धोतराच्या फडक्यानं. परवा माह्या हातावर गरम तेल उडालं, सुपारीएवढा फोड आला. मान वर न करता म्हणे, पाणी टाक. एका अडकित्त्यावरच्या मोरावरून मात्र बोट असं फिरवतेत जसं त्याले दुखीन. अन् जाताना भांग पाडतेत. अडकित्ते पाहाले जाणाऱ्या मानसाले भांग कायले लागते, थे तुमी सांगा.

तुमी मोठ्या बहीन हा. कान धरा त्याईचा. माह्यावर लोभ हाय तसा राहू द्या.

तुमची,
गोजरा

---

केनवड
दि. १२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. गोजरास,
वैजयंतीचे अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र पोचलं. अक्षर पाहून हासली नाई, मजकूर पाहून हासली. बायका सवतीवर जळतेत, तू लोखंडावर जळून राह्यली. बबन दारू पेत नाई, पत्ते कुटत नाई. घासू दे त्याले अडकित्ते. तुहे भांडे घासले असते तं बरं झालं असतं, एवढं मी मानतो.

अन् हात भाजला होता तं फोड दाखवाचा होता त्याले नाकासमोर नेऊन. त्याले लहानपणापासून समोरचं दिसत नाई. आईनं ताट वाढलं तं हा म्हणे ताट कुठी हाय.

एक इचारतो. त्या आणलेल्या वस्तूत पितळेचा चपटा पानाचा डबा आला काय? झाकणावर वेल कोरलेली हाय. आला असंल तं मले कळव. बबनले इचारू नको, तूच पाह्य.

माह्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय, पुढच्या आठवड्यात वाशीमले कापणार हायेत. भेव काई नाई. जळणं कमी कर, अन् इकडं एखादी चक्कर मार. इथी तुही आठवन ताजीच राह्यते.

तुही,
वैजयंती

---

किन्हीराजा
दि. १८ नोव्हेंबर २०२४

ती. वैजयंतीबाईंस,
गोजराचा नमस्कार.

डबा आला हाय. अडकित्ते फळीवर उघडे ठेवले, डबा मात्र पेटीत तळाले, लग्नातल्या फेट्यात गुंडाळून. तुमी लिहिलं नसतं तं म्या पेटी उघडलीच नसती.

झाकणाच्या आतून नाव कोरलं हाय. ठोकून ठोकून, टिंबाटिंबाचं. सौ. उज्ज्वला बबनराव. म्या तीन डाव वाचलं. मंग बोट लावून वाचलं. चौथी शिकली असली तरी सौ. कोनाले म्हणतेत थे मले समजते. या घरात अठ्ठावीस वर्षं सौ. मी हाय. ही कोन आली.

बाई, तुमाले कसं माहीत का डबा येईन. म्हणजे तुमाले सगळं माहीत हाय. माह्या आधी एखादी होती काय? लग्न जमून मोडलं का लागूनच गेलं होतं? सासूबाई होत्या तवा त्याईनं लपोलं, आता तुमी लपोता. अन् मी येडी मदनसिंगावर जळून राह्यली.

आता मले लग्नातली गोष्ट आठोली. तांदळाच्या ताटात आंगठीनं माहं नवं नाव लिहाचं होतं. यायनं पयलं अक्षर लिहिलं अन् पुसलं, मंग गोजरा लिहिलं. मी पदरात हासली होती का नवरदेवाले ग बी येत नाई. आता समजलं बोटात कोनाचं नाव येऊन राह्यलं होतं.

काल जेवताना म्या मुद्दाम म्हटलं का शेजारच्या पोरीचं नाव उज्ज्वला ठेवून राह्यले, कसं हाय नाव. यायचा घास हातातच राह्यला. मंग उठून रांजणातलं पाणी पेले, भरला गिलास ताटापाशी असून.

सरळ इचारलं नाई म्या. मी कोनालेबी सरळ इचारतो, तुमाले माहीत हाय, गावात माह्या तोंडाले भेतेत. पण इचारलं अन् त्याईनं हो म्हटलं, तं मंग म्या कुठी जाचं? भाऊ-भावजयच्या दारात या वयात? म्हणून तुमाले इचारतो. खरं लिहा. लोभाचं मंग पाहू.

गोजरा

---

किन्हीराजा
दि. २९ नोव्हेंबर २०२४

वैजयंतीबाईंस नमस्कार.

अकरा दिवस झाले, तुमचं उत्तर नाई. उत्तर नाई म्हणजेच उत्तर हाय.

मागच्या शनवारी गोमतीबाई भांडेवाली दारावर आली होती. म्या डबा तिच्या टोपल्यात टाकला अन् बदल्यात स्टीलचा पोळ्याचा डबा घेतला, कडीवाला, घट्ट झाकणाचा. गोमतीबाई म्हणे, वैनी, पितळ जड हाय, तुमचं नुसकान हाय. म्या म्हटलं, माहं जे नुसकान होवाचं थे होऊन गेलं, तू चाल.

आता हे डबा पाहून राह्यले. पेटी तीन डाव उलटी केली. कणगीमांगं पाह्यलं, न्हाणीत पाह्यलं, गोठ्यातबी पाह्यलं. मले इचारत नाई. मी समोर बसून त्याच स्टीलच्या डब्यातून पोळी वाढतो. रयवारी मालेगावले गेले नाई. दाढी वाढली. भाकर अर्धी सोडतेत. मले वाटलं होतं हे पाहून माहं मन थंड होईन. होऊन राह्यलं नाई. एका बाईसाठी मानूस एवढा सुकते, अन् थे बाई मी नाई.

तुमच्याकडं आता मी येणार नाई.

गोजरा

---

केनवड
दि. ५ डिसेंबर २०२४

चि. सौ. गोजरास,
आशीर्वाद, अन् त्याच्यासंगं दोन चापटा.

भैताड पोरी, डोळा कापला होता माहा, डाक्टरनं वाचणं बंद केलं होतं. तुहं डब्याचं पत्र आलं त्याच दिवशी मले वाशीमले नेलं. रूपाली म्हणे, आई, मी वाचून दाखोतो. सून चांगली हाय, पण तिले वाचून दाखोलं का गावालेच दाखोलं. म्हणून उशीखाली ठेवलं. काल वाचाची मोकळीक भेटली, दोन्ही पत्रं संगंच वाचली. नव्या डोळ्यानं पयलं काय वाचलं तं तुहा हा येडेपणा.

उज्ज्वला तूच हाय.

तुले पाहाले आलो होतो थे आठोते काय? तुह्या बापानं तुले पान लावाले बसोलं होतं. तुह्या हातून चुना जास्त झाला. बबन पान खात नाई, पण त्या दिवशी त्यानं दोन खाल्ले. तोंड भाजलं, तरी खाल्ले. घरी आल्यावर आठ दिवसांनी सायकलवर मालेगावले गेला, थो डबा घेतला, अन् त्यावर नाव कोरून आणलं. तुहं माहेरचं हेमला नाव त्याले बदलाचं होतं असं नाई, पण आपल्यात नवरीचं नाव बदलतेत, अन् उज्ज्वला त्यानं स्वता शोधलं होतं. पयल्या दिवाळीले तुले देणार होता. मले एकटीले दाखोलं होतं. डब्याले जोड पाहिजे म्हणून एक अडकित्ता घेतला, मंग दुसरा. याड लागलं थे तवापासून. लग्नाआधी त्याले अडकित्ता धरताबी येत नव्हता.

अन् लग्नाच्या चार महिन्याआधी आपल्या आईची आई वारली. गोजराबाई. आईनं मांडवात उभ्या उभ्या सांगतलं का सुनेचं नाव माह्या मायचं ठेवाचं. तांदळात बबनचा उ लिहून झाला होता. आईनं त्याचा हात धरला. मी बाजूलेच होती. त्यानं उ पुसला. तू हासली थे त्यानंबी पाह्यलं होतं.

आई होती तोवर डबा काढता आला नाई, तिच्या मनाले लागलं असतं. आई गेल्यावर म्या त्याले म्हटलं, आता दे. थो म्हणे, आता थे गोजराच होऊन गेली, उज्ज्वलाचा डबा कोनाले देऊ. मंग तू दारात उभी राहून पोतं इकाले लावलं. डबा पोत्याच्या तळाले होता. तुह्या समोर काढला असता तं तू इचारलं असतं. सांगाची हिंमत नाई अन् काढाची हिंमत नाई. असा हाय माहा भाऊ. समोरचं दिसत नाई म्हटलं होतं म्या, पण मनातलंबी सांगता येत नाई हे लिहाचं राह्यलं होतं.

आता गोमतीबाईले धुंड. स्टीलचा डबा पाहिजे असंल तं मी देतो. माही माया आटली नाई, पण पुढचं पत्र डबा हातात घेऊनच लिहिजो.

तुही,
वैजयंती

---

किन्हीराजा
दि. १६ डिसेंबर २०२४

ती. वैजयंतीबाईंस,
गोजराचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चुलीपाशी वाचलं. भाजी जळाली. थे आमी तशीच खाल्ली, यायले समजलंबी नाई.

दुसऱ्या दिवशी मी मालेगावले गेली. घरी सांगतलं, दात दुखते. निंगाच्या आधी गावातच गोमतीबाई भेटली होती, म्हणे, पितळ मदनसिंगाले देऊन टाकलं, थो जुनं असलं का तिच्यापासून उचलून घेते. गेली त्याच्या दुकानात. डबा समोरच्याच फळीवर होता, पुसूनगिसून. म्या म्हटलं, हा मले द्या. मदनसिंग म्हणे, हा इकाचा नाई. हा बबनरावानं तीन महिने माह्या पाया पडून नेला होता, अन् आठ दिवसात मोडीत देला, आता त्याले दाखोतो मी. त्याले वाटलं यायनंच टाकला. आमच्या घरी आला होता तवा मी आत होती, म्हणून मले इचारे, तू कोन.

बाई, काय सांगू. दुकानात दोन गिऱ्हाईकं होते. म्या झाकण उघडलं, नावावर बोट ठेवलं, अन् म्हटलं, हे मी हाय.

मदनसिंगानं मले बसाले स्टूल देलं. म्हणे, तेरा वर्षं मी बबनरावाले इचारून राह्यलो का ही उज्ज्वला कोन, थो दर डावा सांगे का बाजारात असाच भेटला डबा. पण फुकट द्याले थोबी तयार नव्हता. म्हणे, बदल्यात मोराचा अडकित्ता आण. मले माहीतच होतं हे लोक कसे असतेत, म्या पिशवीत घालूनच नेला होता. मोर देला, डबा घेतला, एसटीत मांडीवर ठेवून आणला.

संध्याकाळी त्यात पानं ठेवली, सुपारी ठेवली, अन् यायच्या समोर डबा सरकवला. हे डब्याकडं पाहात राह्यले, मंग माह्याकडं. म्या पान लावून देलं. चुना या डावा बरोबर होता. दोन खाल्ले. मंग म्हणे, वैजी अक्काचं पत्र आलं होतं काय. म्या म्हटलं, त्याईचा डोळा बरा हाय. एवढंच. रात्री ओठ लाल घेऊनच झोपले.

आता तुमाले वाटंल, झालं हिचं जळणं. नाई झालं. हे रोज सकाळी झाकण उघडतेत, वाचतेत अन् लावतेत. मी समोर चहा घेऊन उभी. थे उज्ज्वला तं अठरा वर्षाचीच राह्यली त्या पितळावर. तिचे गुडघे दुखत नाई, तिनं कोनाले दारात उभं राहून भंगार काढाले लावलं नाई. तिच्यासाठी मानूस सायकल हाणत मालेगावले गेला. माह्यासाठी फोडावर पाणी टाक. मी आता स्वताच्याच नावावर जळून राह्यली, हे कोनाले सांगू.

मोराचा अडकित्ता दिसत नाई म्हणून यायनं परवा इचारलं. म्या खरं सांगतलं. बरं म्हणे, अन् भांग पाडला. येत्या रयवारी जाणार हायेत, मदनसिंगापासून थो मोर पुन्हा आणाले. या डावा मीबी संगं जाणार हाय. किती वाजता निंगाचं थे मीच ठरोलं.

अन् एक. काल मी तुरीतून येत होती, तं मांगून यायनं हाक मारली. उ म्हणाले, अन् थांबले. मंग नुसते खाकरले. म्या वळून पाह्यलं नाई, चालत राह्यली. एक डाव मांडवात पुसला होता, आता पुसू नाई देणार. पुरं नाव घेतीन तवाच ओ देईन. तोवर घसा कोरडा पडू द्या त्याईचा, पान हाय घरात.

स्टीलचा डबा नका पाठवू, थो चांगला निंगाला. मोठ्या बहिनीवानी माह्यावर डोळा ठेवा, आता तं नवा हाय.

तुमची,
गोजरा