कलम सातची दुसरी तार

२९ जानेवारी
सव्वीस तास! लाकडाच्या ट्रकने वळणावरचा एक खांब पाडला आणि अख्खं खोरं सव्वीस तास मुकं. फोनसुद्धा इंटरनेटच्याच तारेवर, म्हणून तेही गेले. मोबाइलला तर इथे रेंजच नाही.

पेपेर, माझे आजोबा, एकटे राहतात. दुपारी स्वयंपाकघरात पडले. शेजारी दुसऱ्या दिवशी डोकावले तेव्हा कळलं. आणि मी कुठे? ज्याच्याकडे तारांचं काम शिकते त्या डेलबरोबर, वळणावर, तीच तार जोडत! आजोबा फरशीवर आणि नात शिडीवर.

३ फेब्रुवारी
हॉस्पिटल. पेपेर म्हणाले, "पाचदा नंबर दाबला गं. वाटलं, मीच आकडे विसरलो."
उजवा पाय हलत नाही.

८ फेब्रुवारी
लायब्ररीत मशीन बसवत होतो. विन्शिप बाई आल्या. कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या. डेलने गावाला दुसरी तार हवी असा विषय काढला, तर म्हणतात, "दुसरी तार कशाला? माझं सगळं क्लाउडमध्ये असतं. इथली तार तुटली तर ढगाला काय होणार?"
आणि हसल्या! डेलही हसला.
मी शिडी धरून उभी. तोंड लालेलाल.

९ फेब्रुवारी
तोंडाने जमत नाही, तर इथे लिहिते.

बाई, ढगबिग काही नसतं! कुठल्यातरी गोदामात मशीनं असतात. तापतात, वीज खातात. तुमचे फोटो तिथे. तिथून तुमच्या टेबलापर्यंत तारच यावी लागते. समुद्राखालूनसुद्धा तारच जाते.

तुम्ही नातवाला फोटो पाठवता ना, तो अख्खा जात नाही. त्याचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता. वाटेत नाक्यानाक्यावर एकेक मशीन. त्याला पूर्ण वाट ठाऊक नसते — एवढंच ठाऊक, की हा पत्ता दिसला तर त्या बाजूला ढकलायचं. पुढचं मशीन पुढे ढकलतं. एक वाट बंद पडली तर दुसरीने. तुकडे मागेपुढे पोचतात, तिकडे जुळतात. हरवला एखादा, तर परत मागवतात.

वरून हुकूम देणारा कोणी नाही. म्हणूनच ते सहसा मरत नाही. पण वाटा अनेक असल्या तर! आमच्या खोऱ्यात एकच. मशीन बिचारं ढकलणार कुठे?

एवढं सोपं आहे. आणि पीएचडीवाल्यांना कळत नाही!

२० फेब्रुवारी
मार्चच्या गावसभेत सगळा गाव एकेका कलमावर मत देतो. त्या यादीत डेलने कलम सात घुसवलं — 'गावाने इंटरनेटसाठी दुसरी तार टाकावी.'
"बोलायचं तू," म्हणतो.
"मी सतराची. मला मत नाही. मत नसलेल्याला बोलायला सभेची परवानगी लागते."
"मग मागू."
"मी शाळा का सोडली माहितीये ना?"
"उभं राहून वाचता यायचं नाही म्हणून. इथे कुठे वाचायचंय? सांगायचंय."
सोपं आहे त्याला!

४ मार्च
कलम सात शंभरदा वाचलं. पाठ झालं.

५ मार्च, मंगळवार
चर्चच्या तळघरात राजमा आणि हॅमचा वास, वर सभा. कलम सहावर, म्हणजे रस्त्याच्या खडीवर, दीड तास भांडले! मग म्हातारा पीज, सभा चालवणारा, म्हणाला, "थिबोंची नोएमी बोलू इच्छिते. मतदार नाही. परवानगी आहे?"
विन्शिप बाईंचा हात खाली. बघून ठेवलं. पण बाकीचे पुष्कळ वर.

उभी राहिले. आवाज येईना. मागून कोणी ओरडलं, "मोठ्याने, पोरी! आम्ही बहिरे आहोत!" सगळे हसले. आणि मला राग आला. एवढा राग, की आवाज आला!

म्हटलं, "माझ्या आजोबांनी पाचदा नंबर दाबला. तो कॉल निघाला आणि वळणावर अडला. पुढे तारच नव्हती. तुम्ही चिखलाच्या दिवसांत टेकडीवरून अडलात तर नदीकडून जाता. त्या कॉलने कुठून जायचं होतं? सांगा ना! ढगातून?"
बाईंकडे बघूनच म्हटलं.

मग तुकडे, पत्ते, नाके, सगळं सांगितलं.
पीजने विचारलं, "कलमात काही दुरुस्ती? शब्द बदलायचेत कोणाला?"
डेलने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही. बसायचं होतं मला, बस्स.
"हो" म्हणणाऱ्यांनी छप्पर हलवलं. "नाही" अगदीच बारीक.
बाई जेवताना बशीत मेपलच्या पाकाचा गोड 'पाय' घेऊन आल्या. "मला पहिल्यांदाच कळलं," म्हणाल्या. घेतला. थँक्यू म्हटलं नाही.

१८ जून
नवी तार लागली. जुन्याच खांबांवर, जुनीच्या हातभर खाली, गावाबाहेर शेवटपर्यंत. ठेकेदाराला विचारलं. त्याने कलम दाखवलं — 'दुसरी तार.' कुठून न्यायची, ते त्यात लिहिलेलंच नाही. पुन्हा एक खांब पडला, की दोन्ही जाणार.
पेपेर खिडकीतून बघत होते. म्हणाले, "तुझ्यामुळे झालं हो. आता घरी एकटं राहायची भीती नाही."
मी "हो" म्हणाले.