शेवटच्या हप्त्यापर्यंत

चिचगड, ता. २४ जून २००९

चि. रंजितास आत्याचे अ. उ. आ. आणि जयभीम.

तुहं पत्र भेटलं. तुह्या मैतरणीच्या, अल्काच्या पत्त्यावर लिहून राहिली, कारण ऑफिसात आलेली पत्रं तुहा दुलीचंद साहेब फोडून पाहते म्हणते. पाहू दे. एखाद्या पत्रात त्याचा पोवाडाच लिहून पाठवतो.

देवरीची कंपनी सोडून गोंदियाच्या नव्या कंपनीत जाऊ का, विचारते. मी चौथी शिकली, पण बायांना कर्ज देणाऱ्या कंपन्या मी बाहेरून लय पाह्यल्या. तुह्या कंपनीत पंखा हाये, निळा शर्ट हाये, राहाले ऑफिसच्याच मागं खोली हाये. म्हणजे रात्रंदिवस साहेबाच्या डोळ्यासमोर. नवी कंपनी पेट्रोल देते अन् मोबाईल देते. मोबाईल देणाऱ्याले मी भेतो. तो दिवसातून दहादा विचारते, कुठं हाये म्हणून.

माहं ऐकशील तर नव्या साहेबाले एकच विचारजो. घरून बोलावणं आलं तर पोरीले मीटिंगातून उठू देता का? मागच्या पावसाळ्यात माहा भाऊ, तुहा बाप हिरालाल, गोंदियाच्या दवाखान्यात तुहं नाव घेऊन राहिला होता अन् तू ककोडीच्या मीटिंगात बसली होती. एका बाईचा हप्ता यायचा होता. दुलीचंदनं उठू देलं नाही. शेवटची बाई हप्ता देईपर्यंत कोणी उठाचं नाही, नियम हाये म्हणे. तू पोहचली तवा भावाच्या तोंडावरून चादर घातली होती. हे मी विसरली नाही. विसराचा विचार बी नाही.

खाणं नीट घेजो. मागच्या खेपेस त्या निळ्या शर्टात बुजगावण्यासारखी दिसत होती. पाखरं भेतील ते ठीक, पोरं बी भेतील.

माया आटू देऊ नको.
तुही आत्या, रुक्मा


देवरी, ता. ५ जुलै २००९

ती. आत्यास रंजिताचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून अल्का आणि मी खूप हसलो. बाबांचा भाग मात्र तिला वाचू दिला नाही.

गोंदियाला जाऊन आली. तू सांगितलेलं विचारलं. तिथं साहेब बाई आहेत, सुमित्राबाई. त्या म्हणाल्या, घरून बोलावणं आलं तर हप्ते राहिले तरी उठायचं, दुसऱ्या दिवशी जाऊन घ्यायचे. अर्ध्या दिवसाचा पगार कापतात, ते त्यांनी लपवलं नाही. पगार इथल्यापेक्षा कमी, गावं जास्त, रस्ते जंगलातले. तरी मी हो म्हटलं.

अडचण वेगळीच आहे. इथं नोकरीला लागताना सगळ्यांच्या खऱ्या मार्कशिटा ठेवून घेतात. माझ्या बी. कॉम.च्या तिन्ही साहेबांच्या लोखंडी कपाटात आहेत. सुमित्राबाईंना त्या ठेवायच्या नाहीत, फक्त पाहायच्या आहेत, पण वीस जुलैच्या आत. नाही तर जागा दुसऱ्याला. साहेबांना मागितल्या तर म्हणाले, तीन महिने थांब, मग पाहू. वर्षभर एकही हप्ता थकला नाही असं दाखवून त्यांना नागपूरची बढती घ्यायची आहे. मी गावोगावी बायांना भडकवीन म्हणून आता मला ऑफिसातच बसवून ठेवलं आहे. चिचगडच्या तुमच्या कर्जगटाच्या मंगळवारच्या मीटिंगला ते स्वतः येणार.

त्यांचा एक निरोप आहे. चौदा तारखेला बारा वाजता त्यांच्या मुलीला, गुंजनला पाहायला बालाघाटचे पाहुणे येणार आहेत, तेव्हा त्या मंगळवारी बायांनी हप्ते लवकर द्यावे. तेवढं सांग. आणि आत्या, तू काही करू नको.

लोभ आहेच, तो वाढता राहो.
तुझी रंजिता


चिचगड, ता. १५ जुलै २००९

चि. रंजितास आशीर्वाद आणि जयभीम.

हे पाकीट शेजारच्या जागेश्वरच्या हातानं पाठवून राहिली. आत तुह्या तिन्ही मार्कशिटा हायेत. कशा आल्या ते ऐक.

तू काही करू नको म्हणाली. मी काहीच केलं नाही. नुसती बसली.

काल आठाले दुलीचंद समाजमंदिरात आला. कडक इस्त्री, केसाले तेल. आमी वीस बाया रांगा करून बसलो, शपथ म्हटली, एकोणीस जणींनी हप्ते देले. माही बारी आली तर पैसे मांडीवर ठेवले, त्याले दिसतील असे. म्हटलं साहेब, माह्या भाचीच्या मार्कशिटा आल्या का लगेच देतो.

पहिले हसला. मग ओरडला. मग म्हणे, तुमाले गटातून काढतो. म्हटलं काढा, पण एक हप्ता बाकी राहिला असं लिहून काढा. ते लिहिलं का नागपूर गेलं. उठून जाव म्हणावं तर शेवटच्या बाईचा नियम त्यानंच याच जागेवर आमाले पाठ करून घेतला होता. फोनची रेंज तलावाच्या पाळीवर. तिथं जाले बी उठाव लागते. नऊ वाजता त्यानं चिठ्ठी अन् कपाटाची किल्ली देली. जागेश्वर गाडीवर देवरीले गेला अन् तुले कळू न देता साडेदहाले मार्कशिटा घेऊन आला.

इथं सोडून द्याव, असं कोणी बी म्हणन. मी नाही सोडलं. म्हटलं साहेब, मी चौथी शिकली, हे सारं इंग्रजीत हाये. खऱ्या का खोट्या ते शाळेतले केशोराव गुरुजी सांगतील, तवा पैसे. गुरुजी एक वाजता जेवाले सुटते.

पावणेबाराले त्यानं हात जोडले. म्हणे, बाई, माही पोरगी साडी नेसून बापाची वाट पाहून राहिली. मी म्हटलं, “माहा भाऊ बी पोरीची वाट पाहून राहिला होता.”

गुरुजी आले, चष्मा पुसला, एकेक मार्क वाचून दाखवला. अकाउंटात तुले अडतीसच हायेत, अन् मले पहिला नंबर सांगून राहिली होती. मग पैसे देले. तो उठला तर पायाले मुंग्या. खांब धरून उभा राहिला. इतकं गोड मले सालभरात काही लागलं नाही.

आता तरी पत्र मोठं लिहिजो.
तुही आत्या, रुक्मा


गोंदिया, ता. २३ जुलै २००९

ती. आत्यास सविनय जयभीम. वि. वि.

अठरा तारखेला मार्कशिटा दाखवल्या. सुमित्राबाईंनी पाहून तिथंच परत दिल्या. काल सालेकशाच्या मीटिंगातून माझ्यासोबतचा अतुल अर्ध्यातून उठून गेला, बायकोला दवाखान्यात नेलं होतं. कोणी काही म्हटलं नाही. मी त्याच्या बायांचे हप्ते घेतले आणि उगीच रडायला आलं.

पाहुणे दीडपर्यंत थांबले, जेवले आणि गेले. साहेब दोनला पोचले. मी देवरीच्या खोलीतलं सामान आणायला गेली तर शेजारी साहेबांच्या घराच्या दारात गुंजन होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आत्या, साहेबांचं ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. गुंजनला पाहून नाही वाटलं.

एक विचारते. त्या दिवशी बाकीच्या बाया काय म्हणाल्या?

आठवण ठेव.
तुझी रंजिता


चिचगड, ता. २९ जुलै २००९

चि. रंजितास आशीर्वाद आणि जयभीम.

गुंजनचं वाईट वाटते तर वाटू दे, तू बापावर गेली. दुलीचंदचं मले तीळभर वाटत नाही. तो मंगळवार परत आला तर गुरुजीले मी चार वाजता बोलावीन.

बायांचं मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. धानाच्या रोवणीचे दिवस. एकोणीस जणींची त्या दिवसाची मजुरी बुडाली. उठता येत नव्हतं, नियम साऱ्यांनाच. मंदाबाईनं तर आपल्या धानाच्या बांधीत रोवाले मजूर बोलावले होते. ते वाट पाहून दुसऱ्याकडे गेले अन् तिचे रोपाचे उपटलेले परे तसेच पडून सुकले. मीटिंग उठल्यावर ती मले म्हणाली, “रुक्मा, दुलीचंदनं बी आमाले एवढं कधी बसवलं नव्हतं.”

म्हणून आता उजाडलं का मी चिखलात हाये. एकेकीचं एक दिवसाचं काम करून देतो, मजुरी घेत नाही. उसने परे आणून मंदाबाईची बांधी काल झाली. चहा बांधावर ठेवून गेली. अजून अठरा जणी हायेत, अन् कंबर आताच वर होऊन नाही राहिली. हे दुलीचंदच्या कानावर गेलं नाही पायजे.

हाताले चिखल हाये म्हणून अक्षर असं. सांभाळून घेजो, मले बी.
तुही आत्या, रुक्मा